सिदू गुरुवारी यायचा

सिदूला मी खुर्चीवर बसलेलं कधीच पाहिलं नाही. शाळेच्या ऑफिसात तो पहिल्यांदा आला तेव्हा मी दोनदा म्हटलं, "बसा." त्यानं खुर्चीकडे असं बघितलं, जणू तिचा मालक आत्ता येईल आणि ह्याला उठवेल. मग दाराच्या चौकटीला पाठ लावून उकिडवा बसला. काठी मांडीवर आडवी, खांद्यावर घोंगडं, अंगात कुठल्याशा खताच्या जाहिरातीचा टी-शर्ट आणि गळ्यात दोरीनं अडकवलेला मोबाईल. पाच-सहा वर्षांची एक मुलगी त्याच्या पाठीआडून माझ्याकडे बघत होती. केसांना तेल इतकं चोपडलेलं, की कपाळावर ओघळ आले होते, आणि भांग पार कानाकडे गेला होता. बापानं घातलेली वेणी आम्हा बायकांना लांबून ओळखू येते.

मी तेव्हा आष्ट्याच्या कडेला, उसाच्या रानांना लागून असलेल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. सिदू आटपाडीकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांचे कळप पश्चिमेला निघतात. आष्टा, कराड करत थेट पाटणच्या डोंगरापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरतात. वाटेत कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, तिथंच पाल ठोकायचं. शेतकऱ्याला खत मिळतं, ह्यांना धान्य. दोन-चार दिवसांनी पाल उचलायचं आणि पुढचं रान गाठायचं. आता त्यांच्यातल्या पुष्कळांनी शेती धरली आहे, मेंढरं विकून टाकली आहेत. सिदूनं विकली नव्हती.

त्या दिवशी त्याच्याबरोबर मुलीचा मामा होता, विलास. आष्ट्यातलाच, दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, इस्त्रीचा शर्ट घातलेला. तो मात्र खुर्चीवर बसला. मुलीचं नाव आरोही असल्याचं त्यानंच सांगितलं. मी दाखल्याची चौकशी करत होते, तोच सिदू जरा मोठ्यानं म्हणाला, "बाई, आता हिचं समदं मामाच बघंल. मला काय इचारू नगा."

असं म्हणून त्यानं विलासकडे मान वर करून बघितलं. त्या बघण्यात मोठा मान होता. ह्या लोकांत कळप बाहेर पडला की शाळेच्या वयाची पोरं मामाकडे ठेवायची रीत आहे. सिदू स्वतः तसाच वाढला होता. आणि एकदा पोर मामाच्या हवाली केल्यावर उठसूट तिची विचारपूस करत राहणं म्हणजे मामावर भरवसा नाही असं चारचौघांत सांगणं. माझ्या वर्गातून अशी बरीच मुलं गेली होती, त्यामुळे हे वाक्य मला नवं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की विलासची बहीण, म्हणजे आरोहीची आई मनीषा, काही महिन्यांपूर्वी सिदूचं पाल सोडून गेली होती आणि सांगलीत एका दवाखान्यात मावशी म्हणून कामाला लागली होती.

निघताना सिदूनं पोरीला फाटकापाशी उभं केलं, काठी तिच्या पाठीला लावली आणि डोकं जिथं पोचलं तिथं अंगठा धरला. "हितपतूर हायस. पुढच्या गुरवारी येतो, तवा बघू किती वाढलीस त्ये."

आठवड्यात कोण किती वाढणार? पण तो पुढच्या गुरुवारी आला. त्याच्या पुढच्याही आला. तळ जवळ असला तर चालत, पाटणकडे असला तर एसटीनं, आणि पावसाळ्यात कळप आटपाडीला परत गेला तरी कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर बसून. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उकिडवा बसलेला असायचा. टॉवेलात बांधलेली बोरं, नाहीतर भाजलेले हरभरे. आधी काठी लावून उंची मोजायची, मग बोरं द्यायची. "शाळेत मारत्यात का?" हा प्रश्न तो दर वेळी मला ऐकू जाईल असा विचारायचा आणि आरोही दर वेळी "न्हाई" म्हणायची. मग माझ्याकडे बघून हसायचा. मुख्याध्यापक कुरकुरायचे, की हा माणूस दर गुरुवारी फाटक अडवतो. मी म्हटलं, सर, अहो ज्यांना आपण पालकसभेला निरोपावर निरोप धाडतो ते येत नाहीत, हा न बोलावता येतो, तर येऊ द्या की.

एकदा त्याचा तळ शाळेच्या मागच्याच रानात पडला. मुलं कुंपणाला चिकटली. कळपाच्या पुढं चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यात पितळी घंटा होती, पण ती वाजायची नाही, ताटली आपटावी तशी ठप ठप करायची. मुलं हसली. आरोही सगळ्यांना ढकलून पुढं झाली आणि तोऱ्यात म्हणाली, "ती मी फोडलीया!"

सिदूनं मला कुंपणापलीकडून सांगितलं, "रांगत हुती बाई, तवा घेतली आन् दगडावर आपटली. बाजारात नवी मिळती की. पर आता आमच्या मेंढरांस्नी हीच वळकू येती. चांगल्या घंटंमागं जायाची न्हाईत ती."

त्याच संध्याकाळी त्यानं मला आणि मुलांना कोकरं सोडायची गंमत बघायला बोलावलं. लहान कोकरं दिवसभर जाळीत कोंडून ठेवलेली असतात, कारण त्यांना आयांबरोबर लांब चालवत नाही. मेंढ्या चरून आल्या की जाळी उचलायची. जाळी उचलली आणि असा गलका उठला, की मी कानांवर हात ठेवले. कोकरं ओरडतायत, मेंढ्या ओरडतायत, सगळी एकमेकांच्या पायांत. मला वाटलं, ही आता चेंगरणार. पण बघता बघता गलका ओसरला. इथलं एक ओरडायचं थांबलं, तिथलं एक थांबलं, आणि शेवटी नुसता दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज राहिला. प्रत्येक कोकरू आपल्या आईखाली. सिदू हे रोज बघत असणार, तरी त्या वेळी तो देवळात उभा राहिल्यासारखा उभा होता.

"एक बी चुकत न्हाई बाई," तो म्हणाला. "आमाला काय करावं लागत न्हाई. नुसतं सोडायचं."

ते वर्ष सरलं. पावसाच्या तोंडावर तो पोरीला न्यायला आला तेव्हा विलास म्हणाला, "ऱ्हाऊ दे की दाजी, शाळा हाय तिची." तोवर मनीषा सांगलीचं काम सोडून भावाच्या घरी राहायला आली होती. सिदूला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगी मामाकडे आहे, आई तिथं आली, चांगलंच झालं, रागही निवळेल. तो हात हलवत आटपाडीला गेला आणि पंधरवड्यातच त्याला सांगलीच्या कोर्टाचा कागद गेला. मनीषानं मुलीचा कायमचा ताबा मागितला होता.

ह्या 'ताबा' शब्दावर सिदू अडला तो अडलाच. फाटकाबाहेर बसून मला म्हणाला, "ताबा रानाचा आसतोय बाई. बांध फोडला, ताबा घेतला. लेकराचा कसला ताबा? मी मागनारच न्हाई तसलं. मी म्हननार, माझी पोरगी मला द्या." त्याच्या वकिलानं त्याच्या वतीनं ताबाच मागितला, पण सिदू शेवटपर्यंत "आरूला मागाय चाललोय" असंच म्हणायचा. त्याला दुसरं काहीच नको होतं. बायकोबद्दल तो वाईट बोलला नाही, मेव्हण्याबद्दल तर नाहीच.

मनीषाही एकदा माझ्याकडे आली. मी वर्गातल्या वह्या आवरत होते. ती खिडकीपाशी उभी राहून बोलली.

"तुमाला वाटत आसंल, ही बया वाईट हाय. आवं, मी बी पालातच जल्मलेय. माझ्या आयनं मला भिजत्या रानात पदराखाली घिऊन रात्री काढल्यात. मग बानं मेंढरं इकली आन् हितं घर बांधलं, तवा मला पयल्यांदा भिंत घावली. लगीन करताना ह्यांनी शब्द दिलता, वर्सात मेंढरं इकीन म्हनून. सात वर्सं झाली बाई. मानूस लय चांगला हाय. पर पोरीनं एका जाग्यावर निजावं, यवढं बी मी मागू नये व्हय?"

तिचंही खोटं नव्हतं. तिच्यावर रागवता आलं असतं तर मला फार सोपं गेलं असतं.

निकालाला दोन वर्षं लागली. तारीख असली की सिदू आदल्या दिवशी कळप भावावर सोपवून निघायचा. कोर्टाच्या आवारातही तो बाकावर बसायचा नाही. कडुलिंबाखाली उकिडवा. मला हे माहीत असण्याचं कारण म्हणजे मनीषाच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. मुलीला शाळेत घालताना वडील काय म्हणाले, तेवढंच विचारायचं होतं. मी सांगितलं, "आता हिचं सगळं मामाच बघेल, मला काही विचारू नका." आणि लगेच त्यांच्यातली रीत सांगायला लागले, हे बोलणं मामाच्या मानासाठी असतं, पोर टाकल्याचं नसतं. वकील हसून म्हणाले, "बाई, वाक्य हेच होतं ना?" मी म्हटलं, हो. पण... "थँक यू." माझ्या 'पण'च्या पुढचं कुणी लिहून घेतलं की नाही, मला आजही माहीत नाही. बापानं पोरगी आपल्या हातानं दुसऱ्याकडे दिली आणि सहा महिने रानोमाळ गेला, असं त्या वाक्याचं झालं.

बाहेर आले तर सिदू भाकरीचं फडकं सोडून बसला होता. मला वाटलं, आता हा तोंड फिरवेल. त्यानं अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं धरली. "खरं त्येच बोलला तुमी. मी म्हनलोच हुतो की तसं." ती मी नुसती हातात धरून राहिले. तो मात्र मलाच समजावत बसला. "मामाम्होरं दुसरं काय म्हननार, बाई? तुमीच सांगा."

एका तारखेला न्यायाधीश मॅडमनी त्याला थेट विचारलं, मेंढरं विकून एका जागी राहायला तयार आहात का. त्याच्या वकिलानं बाहेर दहा वेळा पढवलं होतं, हा प्रश्न आला की हो म्हणायचं, पुढचं पुढं बघू. सिदू गप्प राहिला. मॅडमनी पुन्हा विचारलं, तरी गप्प. नंतर मला म्हणाला, "जिभंवर आलतं, 'व्हय' म्हनून. पर मनीषा समोर उभी हुती. तिला एकदा म्हनून झालंय त्ये. परत कुठल्या तोंडानं म्हनू?"

मग त्याची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर राहिली. त्यानं वकिलाला हट्टानं सांगितलं, पोरीलाच विचारा म्हणावं. वकील नको म्हणत होता. दोन वर्षं आईजवळ राहिलेली पोर काय सांगणार, हे त्याला दिसत होतं. सिदूला दिसत नव्हतं. "मधी सोडा म्हनलं तिला. हिकडं मी, तिकडं ती. आमी रोज सोडतोय की. चुकत न्हाईत." मी त्याला म्हटलं, सिदू, माणसाची लेकरं म्हणजे कोकरं नव्हेत. तो नुसता हसला.

मॅडमनी आरोहीला आपल्या खोलीत एकटीला बोलावलं, बिस्कीट दिलं, गप्पा मारल्या. तिथं काय झालं ते मला पुढच्या गुरुवारी सिदूनंच सांगितलं. त्याला त्याच्या वकिलाकडून कळलं होतं.

"आय कुटं आसती, म्हनल्या. घरी. मामा? घरी. आन् पप्पा? तर म्हनली, पप्पा गुरवारी येत्यात." एवढं सांगून त्याचा चेहरा उजळला. "कुनी शिकिवलं न्हवतं बाई. तिचं तिनं सांगितलं." मग बोरांचा टॉवेल उगाच सोडला आणि परत बांधला. "मग म्हनल्या, पप्पाकडं ऱ्हायला जाशील का? तर म्हनली, पप्पाचं घर चालत आसतंय. माझी शाळा बुडंल."

एवढंच. त्यानंतर तो बराच वेळ फाटकाच्या गजाला धरून होता. मला रडू आलं आणि ते लपवायला मी एका पोराला उगाच ओरडले. ज्या गुरुवारांसाठी हा माणूस पाटणहून एसटीनं यायचा, त्या गुरुवारांनीच पोरीला शिकवलं होतं, की बाप हा येणारा आणि जाणारा माणूस असतो.

मुलगी आईकडे राहिली. बापाला महिन्यातले दोन शनिवार मिळाले, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. विलासनं शाळेत अर्ज दिला, की वडिलांना शाळेत भेटू देऊ नये. फाटकावर हे सांगायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर टाकलं. मी कसंबसं सांगितलं. सिदू उठला, घोंगडं झटकलं. "व्हय बाई. कोर्टाचं म्हंजे कोर्टाचं." तेवढी बोरं आत देऊ का, असं त्यानं विचारलं. ती मी दिली.

शनिवारच्या त्या खोलीबद्दल तो एकदा फोनवर बोलला. भिंतीवर हत्ती-जिराफ काढलेले, रंगीत लहान लहान खुर्च्या. दारावरच्या पोलिसानं काठी काढून घेतली, त्यामुळे उंची मोजायची पंचाईत झाली. "मग शर्टाच्या बटनाला लावून बघितली. तिसऱ्या बटनापतूर आली." तो खाली फरशीवर बसला आणि आरोही खुर्चीवर. तिनं विचारलं म्हणे, "पप्पा, तुम्ही वर का नाही बसत?" सिदू मला सांगत होता, "लय साफ बोलाय लागलीया. 'नाही' म्हनती." वर्गातही ती हल्ली चित्र काढलं की खाली लिहायची, 'पप्पांची मेंढरं'. शुद्धलेखन अगदी बरोबर असायचं. गुरुवारी मधल्या सुट्टीत मात्र डबा घेऊन फाटकापाशीच बसायची. मी तिला कधी उठवलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझी बदली ठरली होती. शाळेचे शेवटचे दिवस चालले होते, तेव्हा एक दिवस सिदूचा फोन आला. कळप माघारी निघाला होता.

"बाई, उद्या मेंढरं शाळंवरनंच न्यावी लागनार. कालव्याची वाट बंद हाय, काम चाललंय. पोरं बघाय धावत्यात. तेवढं आरूला आत घ्या. मला थांबता यायचं न्हाई, आन् मी न थांबता गेल्यालं तिनं बघितलं तर..." वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्याच वर्गाला आत बसवलं, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि पाढे म्हणायला लावले, मोठ्यानं. दुपारी बें बें ऐकू यायला लागलं. मुलांची चुळबुळ सुरू झाली. मी म्हटलं, चला, पुढचा पाढा. आणि त्या सगळ्या आवाजातून ती फुटकी घंटा आली. ठप, ठप, ठप.

आरोहीचं तोंड पाढा म्हणता म्हणता थांबलं. ती उठली नाही, खिडकीकडेही गेली नाही. जागच्या जागी मान वर करून म्हणाली, "बाई, आमची मेंढरं."

मी दाराकडे धावले. कळपाचा शेवट फाटकापुढून सरकत होता. सिदू सर्वांत मागं होता, भर उन्हात घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलेला, तोंड पलीकडच्या उसाकडे. मी "सिदू!" म्हणून हाक मारली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरनं त्याच वेळी हॉर्न लावला. तो तसाच चालत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. मी त्याला पाहिला तो तेवढाच, पाठमोरा. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली.

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी फोन लावला. तो उचलला गेला तेव्हा पलीकडे प्रचंड गलका होता. कोकरं सोडायची वेळ होती. मला ओरडून सांगावं लागलं.

"सिदू, तिनं घंटा ओळखली! आमची मेंढरं म्हणाली. पप्पांची नाही, आमची!"

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पण फोन चालू होता. मी कानाला धरून उभी राहिले. कोकरांचा आणि मेंढ्यांचा आरडाओरडा, मग त्यातला एक आवाज थांबला, मग आणखी एक, आणि हळूहळू सगळं शांत होत गेलं. आता चुटूचुटू चाललं असणार, एवढ्या लांबून ते ऐकू येत नव्हतं.

"सापडल्या बाई, समद्यांस्नी आया सापडल्या," सिदू म्हणाला. "ठेवू का?"